वास मोडायचे चार दिवस

आमच्या घराला वास होता. आम्हाला तो जाणवत नव्हता, गावाला जाणवायचा. आबा, म्हणजे माझे वडील, कातडं कमवायचे. मिरजेपासून दोन तासांवरचं गाव, गावाबाहेर ओढा, ओढ्याच्या पलीकडं आमची चार कुंडं. एकात चुन्याचं पाणी, बाकीच्यांत बाभळीची साल आणि हिरडा. म्हैस मेली की निरोप यायचा. आबा आणि आजा जाऊन ती ओढून आणायचे. चुन्यात केस सुटले की कातडं साफ करून पिशवीसारखं शिवायचं, तेही घायपाताच्या दोऱ्यानं. मग त्या पिशवीत सालीचं पाणी भरून ती तीन बांबूंच्या तिकटीला टांगायची. ती ठिबकत राहायची आणि खालचं पाणी आई पुन्हा वर ओतायची. हे दिवसच्या दिवस चालायचं. तयार झालेलं कातडं कोल्हापुरी चपलांना जायचं. लोक त्या चपला पाहुण्यांना कौतुकानं द्यायचे, आणि आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावायचे.

ज्या महिन्यात जनावर मिळालं नाही त्या महिन्यात आमच्या चुलीवर नुसत्या कण्या शिजायच्या. पुढं कारखान्यातलं रसायनावरचं कातडं स्वस्तात येऊ लागलं, तशी कुंडं एकेक करून कोरडी पडली. आबा वीटभट्टीवर गेले. वास मात्र अंगातून गेला नाही, निदान गाव तरी तसंच म्हणायचं. तिसरीत असताना मास्तर मला म्हणाले, "तू खिडकीशी बस, तिथं वारा येतो." माणूस वाईट नव्हता. पण तो वारा माझ्यासाठी नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. आई मला राखेनं घासायची, रिठ्यानं घासायची, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ घालायची. सांगलीला होस्टेलवर गेले तर माझ्या ट्रंकेत पुस्तकं कमी आणि पावडरचे डबे जास्त.

मी एम.एस्सी. झाले, पीएच.डी. झाले. ढोर समाजातल्या आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी थोडं लाजावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी लाजत नाही. आता मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला विद्यापीठाच्या लॅबमध्ये काम करते.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नळकांड्यातून बघावं तेवढंच त्यांना दिसतं, आणि ते नळकांडं बारीक होत चाललंय. डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, या वर्षीचं सांगतो, पुढच्या वर्षीचं सांगू शकत नाही. घरात भाऊ नाही. हे काम येणारे आबा शेवटचे. लहानपणी मी त्यातलं काहीच शिकले नाही, शिकू नये म्हणूनच मला शाळेत घातलं होतं. आता मला शिकायचं होतं. एक तरी कातडं माझ्या हातानं, आबांच्या रीतीनं, त्यांना दिसतंय तोवर.

मिशिगनमध्ये हरणाचं कातडं मिळायला अडचण नाही. हंगामात खाटकाकडं ढीग पडलेला असतो. त्याच वर्षी मी एक आणलं, मीठ लावलं आणि व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आबांनी फोन डोळ्याला चिकटवला. बराच वेळ बघत राहिले.

"किती भोकं हाईत?"

"सात."

"ज्यानं सोललं त्याला मटण पायजे हुतं, पोरी. कातडं नको हुतं त्याला. ह्याची पिशवी पाणी धरायची न्हाई. ठेव बाजूला."

लॅबची काचसामानाची खोली सांभाळणाऱ्या डॉनाला मी हे सांगितलं. डॉना सहासष्ट वर्षांची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, दर हंगामात हरणाच्या शिकारीला जाणारी. मनात मी तिला डॉनामावशी म्हणते, तोंडानं नुसतं डॉना; इथं तेच बरोबर समजतात. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं कातडं कुणी कुणाला देत नाही, जे. पाहिजे असेल तर थंडीत बसायचं आणि स्वतः सोलायचं." माझं नाव जयश्री. तिनं ते एका अक्षरावर आणून ठेवलंय.

उन्हाळाभर मी तिच्या अंगणात क्रॉसबो चालवायला शिकले. बंदुकीसारखा खांद्याला लावायचा धनुष्यबाण, एवढं समजा. सुरक्षेचा कोर्स केला, परीक्षा दिली, परवाना काढला. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंच्या कानावर हे गेलं. दिवाळीच्या जेवणात त्या म्हणाल्या, "अगं, हरीण कसं मारवेल तुला? बिच्चारं!" त्यांच्या ताटात मटण होतं. मी विचारलं, "काकू, हा बोकड आजारी पडून गेला का?" त्यानंतर त्या माझ्याशी हवामानाबद्दलच बोलतात.

गुरुवार : उत्तरेकडं

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मला सुट्टी मिळाली ती रविवारपर्यंतची, आणि त्या वर्षी आणखी मिळणार नव्हती. दुपारी डॉनाचा पिकअप आला. ती उतरली आणि नमस्कार-चमत्कार न करता माझ्या मानेजवळ येऊन तिनं वास घेतला.

"साबण?"

"तू दिलास तोच. बिनवासाचा."

"केसांना?"

"काही नाही. दहा दिवस झाले."

दहा दिवस केसांना तेल नाही, हे माझ्या आईला कळलं असतं तर तिनं भारतातून कुणाच्या तरी हाती बाटली धाडली असती. डॉनानं मान डोलावली; माणसाचा जरा वास आला तरी हरीण जवळ येत नाही. माझे शिकारीचे कपडे तिनं आदल्या आठवड्यातच नेले होते. खायच्या सोड्यात धुतलेले, झाकणबंद प्लास्टिकच्या टबात ठेवलेले, आत झाडाखालची पानं आणि सीडरच्या झाडाच्या डहाळ्या. रबरी बूट दुसऱ्या टबात. "चामड्याचे बूट नाहीत," ती म्हणाली. "चामडं वास धरून ठेवतं." हे मला सांगायची गरज नव्हती.

वाटेत पेट्रोल भरताना तिनं वेगळे बूट चढवले, वेगळे हातमोजे घातले आणि मला काचा बंद करून आत बसवलं. "पेट्रोल बुटाला लागलं की चार दिवस तू चालता पंप," असं म्हणून ते बूट तिनं मागच्या हौद्यात फेकले.

चार तासांनी मक्याची कापलेली रानं संपली, पाइन आणि बर्च सुरू झाले. डॉनाची केबिन तिच्या सासऱ्यानं बांधलेली आहे. दोन खोल्या, वर माळा, एक लाकडाचा स्टोव्ह, मागं ओहोळ. स्टोव्ह पेटवताना मी विचारलं, "मग हा धूर?"

"धूर चालतो. इथल्या प्रत्येक चिमणीतून धूर येतो, हरणं त्यातच लहानाची मोठी झाली. जे इथलं आहे त्याला ती घाबरत नाहीत. जे इथलं नाही ते त्यांना दोनशे पावलांवरून कळतं."

मी स्टोव्हमध्ये आणखी एक लाकूड सारलं. अमेरिकेत अकरा वर्षं काढलेल्या बाईला हे वाक्य कुठंतरी लागतंच.

उजेड होता तोवर गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारून पाहिले. पंचवीस पावलांवरून पाचातले पाच एका बशीएवढ्या जागेत गेले. डॉना खूश झाली नाही. "तीस पावलांच्या पुढं मारायचं नाही. खात्री नसेल तर मारायचं नाही. जखमी करून घालवलंस तर आपण दोघी ते सापडेपर्यंत घरी जाणार नाही. तुझी लॅब गेली खड्ड्यात."

जेवायला उकडलेल्या पांढऱ्या बीन्स, मीठ आणि मिरी. कांदा नाही, लसूण नाही. पाव होता. कांदा-लसूण न खाणारी माणसं मी कॉलेजात पुष्कळ पाहिली होती, पण त्यांची कारणं वेगळी. इथं कारण एवढंच, की जे खातो ते दुसऱ्या दिवशी घामातून आणि श्वासातून बाहेर येतं.

शुक्रवार : म्हातारी

दात सोड्यानं घासले. चहा नाही. कॉलेजच्या परीक्षेलासुद्धा मी चहा सोडला नव्हता. कपडे घरात घालायचे नाहीत, पडवीतच घालायचे. बाहेर पाणी गोठत होतं आणि मी उघड्यावर एका पायावर उभी राहून विजार चढवत होते. चालताना कशालाही उघडा हात लावायचा नाही, फांदी बाजूला सारायची ती कोपरानं. वाटेचा शेवटचा तुकडा ओहोळाच्या पाण्यातून चाललो, पावलांचा वास मागं राहू नये म्हणून.

एका जुन्या मेपलच्या झाडाला शिडी आणि वर दोघींपुरती बैठक. उजाडलं तसं डॉनानं खिशातून एक सुकलेली शेंग काढली, फोडली आणि आतलं रेशमासारखं बी चिमटीत धरून सोडून दिलं. लहानपणी रुईची म्हातारी आम्ही फुंकर मारून उडवायचो, अगदी तशीच. ती तरंगत गेली. सुरुवातीला सरळ, मग एका झाडापाशी वळली, मग खाली बसली.

"बघितलंस?" डॉना कुजबुजली. "तुझा वास आत्ता तिथं गेला."

पहिल्यांदाच मला माझा वास दिसला. ती शिकवत राहिली, एवढ्या हळू आवाजात की मला तिचे ओठ वाचावे लागत होते. सकाळी ऊन पडलं की हवा वर चढते, उताराखालचा वास माथ्यावर नेते. संध्याकाळी हवा थंड होऊन ओघळीत उतरते. म्हणून सकाळी उंचावर बसायचं, संध्याकाळी खाली. साबण, सोडा, टब, बूट हे सगळं करायचं, पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही. "माझा नवरा दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढायचा. त्याचं जॅकेट मी घरात घ्यायची नाही. पण त्यानं एकही हंगाम रिकाम्या हातानं काढला नाही. कारण त्याला वारा कळायचा."

पाच तास बसलो. रानटी टर्की आल्या, एक खार माझ्या बुटावरून गेली. हरीण आलं नाही. लघवीला उतरायचं नाही, बाटली असते. हेही प्रवासवर्णनात यायला पाहिजे, कारण तिथं जाणाऱ्या बायकांना कुणी सांगत नाही.

दुपारी बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला आणि आम्ही परतलो. कपडे पडवीतल्या दोरीला टांगले, मी अंघोळीला गेले. आता चूक सांगते. दुसऱ्याच्या घरी दोन दिवस जेवायचं आणि एकदाही आपल्या हातचं करून घालायचं नाही, हे आमच्यात बसत नाही. खाल्लेलं अंगाला लागत नाही. सकाळी बीन्स, दुपारी बीन्स, आणि ती बाई माझ्यासाठी थंडीत कुडकुडतेय. माझ्या पिशवीत बेसन होतं, लाल मिरच्या होत्या, लसणाचा गड्डा होता, हिंगाची डबी होती. का आणलंस, असं विचारू नका. आपण पिशवीत टाकतोच. मी हिशेब केला, कपडे बाहेर आहेत, अंग सकाळी पुन्हा धुऊ, आपण स्वतः खायचं नाही, फक्त तिला वाढायचं. डॉना शेजाऱ्याची करवत परत करायला गेली होती. मी पिठलं टाकलं. लसूण लाल होईपर्यंत परतला, वरून हिंग, मिरची. एवढ्याशा केबिनमध्ये ती फोडणी अशी भरली की मलाच खोकला आला.

डॉना आली, दारात थांबली, हवा हुंगली आणि म्हणाली, "उद्याचं वाऱ्यावर सोपवू." मी ताट पुढं केलं. पिठलं आणि पाव. ती बसली. दोन वेळा घेतलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"हे काय आहे?"

"पिठलं."

"माझ्या नवऱ्यानं यासाठी सिगारेट सोडली असती," ती म्हणाली आणि ताट पुसून खाल्लं.

जे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही ते असं : मी अंघोळीला असताना, कपडे भिजू नयेत म्हणून डॉनानं ते पडवीतून आत आणून माळ्यावर टांगले होते. मला वाटलं कपडे बाहेर आहेत. आणि मी अंग धुणार म्हणजे झालं, असं तिला वाटलं. कपडे वर आहेत हे ती स्वतःच विसरली. सकाळी तिनंच अर्धवट झोपेत ते काढून टबात भरले. स्टोव्हच्या धुरात दोघींच्याही नाकांना काही कळलं नाही.

शनिवार : पाय आपटणं

आभाळ निवळलं होतं. त्याच मेपलवर बसलो. म्हातारी आमच्या मागं जात होती, म्हणजे सगळं बरोबर. ऊन झाडांच्या शेंड्याला लागलं आणि समोरच्या सीडरमधून एक मादी बाहेर आली.

मी चित्रांत पुष्कळ हरणं पाहिली होती. ॲन आर्बरला ती लोकांच्या अंगणातली फुलं खातात. पण रानात, तिच्या स्वतःच्या घरात, ती वेगळी दिसते. एक पाऊल टाकते, थांबते, कान फिरवते. दुसरं टाकते. साठ पावलं, पन्नास, चाळीस. डॉनाचं बोट माझ्या गुडघ्यावर टेकलं, थांब.

ऊन आमच्या झाडापर्यंत उतरलं तशी हवा हलली. मादीनं नाक वर केलं. एकदा, दोनदा. मग पुढचा पाय जमिनीवर आपटला. आवाज आला. पुन्हा आपटला. मग नाकातून असा जोरात फुत्कार टाकला की मी दचकले, आणि पांढरी शेपटी उभारून ती गेली. तिच्यामागं आणखी दोन गेल्या, ज्या आम्हाला दिसल्याच नव्हत्या.

डॉनानं माझी बाही नाकाला लावली. मग स्वतःची.

"जेवण," ती म्हणाली.

शिडी उतरून ती केबिनकडं निघाली. मी मागून चालत होते. मला तिसरीतली खिडकी आठवत होती. इतकी वर्षं, इतकं शिक्षण, इतके साबण, आणि शेवटी माझ्याच अंगाच्या वासानं सगळं घालवलं. पडवीत आल्यावर मी म्हणाले, "सॉरी, डॉना. मी स्वयंपाक करायला नको होता."

"कपडे मी आत आणले."

"पण वास माझा."

"तुझा कसा? मीसुद्धा तोच घालून बसले होते. दोनदा वाढून घेतलेला."

मग मला राहवलं नाही. मी तिला कुंडांचं सांगितलं, नाकाला लावलेल्या पदरांचं सांगितलं, राखेनं घासलेल्या पाठीचं सांगितलं. हे मी इथल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगितलेलं नाही. त्यांना आडनाव ऐकून निम्मं आधीच कळतं आणि उरलेलं ते विचारत नाहीत. डॉनाला आडनावातलं काही कळत नव्हतं, म्हणून सगळं सांगावं लागलं.

ती बुटांचा चिखल काढत ऐकत होती. काढून झाल्यावर म्हणाली, "ते लोक मूर्ख होते. हे एक. दुसरं, जे, त्या मादीला तू कोण हे कळलं नाही. मी कोण तेही नाही. माणूस आहे, एवढंच तिला कळलं. आज लसणामुळं लवकर कळलं, नाहीतर पाच मिनिटांनी कळलं असतं, कारण हवा फिरलीच होती. तिच्यासाठी गव्हर्नर, तू, मी, सगळ्यांचा एकच घाण वास." मग उठली. "आता रडायचं असेल तर कपडे धुता धुता रड. उद्या शेवटचा दिवस आहे."

ओहोळाच्या पाण्यात सोडा टाकून आम्ही दोघींनी कपडे धुतले. बोटं बधिर झाली. ते पाणी मला ओळखीचं वाटलं, आमच्या ओढ्याला पौषात असंच असायचं. पिळून उघड्या वाऱ्यावर टांगले. ते वाळणार नव्हतेच. बेसन, लसूण, हिंग सगळं डब्यात घालून गाडीत. जेवायला बीन्स. मी आनंदानं खाल्ल्या.

दुपारी आबांचा फोन आला. तिथं रात्र. "घावलं का?"

"नाही आबा. वास लागला तिला."

पलीकडं आबा हसले. खूप दिवसांनी. "लागणारच की. जनावराला वास लागतोच. ज्या घरात जनावर मेलं त्या घराच्या गोठ्यातली बाकीची म्हसरं आम्ही लांब असतानाच वासानं ओरडायची. माझा आजा मला म्हणायचा, गोठ्याच्या वरच्या अंगानं जाऊ नगंस. वारं बघून खालनं जा."

मी डॉनाकडं बघितलं. ती विचारत होती, काय म्हणतात? मी सांगितलं, माझ्या वडलांनाही वारा कळतो.

रविवार : पश्चिमेचा वारा

वारा फिरून पश्चिमेचा झाला होता. डॉनानं मेपल सोडला. "आज तिथं बसलो तर आपला वास मादीच्या निजायच्या जागेवर जाईल." आम्ही लांबचा वळसा घेऊन टेकाडाच्या पूर्वेच्या अंगाला, पडलेल्या एका झाडाच्या मुळांआड जमिनीवरच बसलो. कपडे ओलसर होते. थंडी हाडांत गेली, मग हाडंच नाहीशी झाल्यासारखी वाटली. मी दर थोड्या वेळानं म्हातारी सोडत होते. ती प्रत्येक वेळी माझ्या गालावरून मागं जायची.

उजाडून तास-दीड तास झाला असेल. ती टेकाडावरून उतरली. कालचीच की दुसरी, सांगता येणार नाही. तोंड आमच्याकडं, वारा तिच्याकडून आमच्याकडं. आणि मग मला तिचा वास आला. ओल्या पाल्याचा, गोठ्याचा, थोडा कडवट. चार दिवसांत पहिल्यांदाच असं झालं की मला तिचा आला आणि तिला माझा नाही.

तीस पावलं. तिनं मान खाली घातली, ओकचं फळ उचललं. वीस पावलं. ती वळून आमच्यासमोर आडवी उभी राहिली. डॉनाचं बोट गुडघ्यावर नव्हतं. ठरवायचं माझं मला होतं. मी मनात काय म्हणाले ते लिहीत नाही. बाण सोडला.

ती उडाली, धावली, पाला मोडल्याचा आवाज आला आणि थांबला. डॉनानं घड्याळ दाखवलं : अर्धा तास हलायचं नाही. तो अर्धा तास आम्ही दोघी शेजारी बसून होतो. मग माग काढत गेलो. पाल्यावर रक्त, पुढं आणखी. सत्तर पावलांवर ती पडली होती. डोळा उघडा. डॉनानं हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला, मग माझा हात घेऊन तिथं ठेवला. ऊब होती. मला रडू आलं. डॉना म्हणाली, "आलंच पाहिजे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी धनुष्य विकून टाक."

केबिनच्या मागं फांदीला टांगून सोलायला घेतलं. डॉनानं माझा फोन खुंटीला बांधला, व्हिडिओ लावला. आबा आईशेजारी बसलेले, फोन डोळ्याला चिकटवलेला.

"आबा, हरणाचं तुम्ही कधी केलंय का?"

"न्हाई बया. भटाच्या पोरांना मुंजीत लागायचं म्हणून माझ्या आज्यानं केल्यालं. मी बघितल्यालं. मऊ असतंय. पायापासनं सुरू कर. नुसती रेघ. खोल जाऊ नगंस."

मी सुरीनं रेघ ओढली. मांडीपाशी कातडं सैल झालं तसं मी सुरी आणखी आत घालायला गेले आणि दोन्हीकडून एकदम ओरडा झाला. फोनमधून आबा, "सुरी ठेव! मूठ घाल, मूठ!" आणि शेजारून डॉना स्वतःची वळलेली मूठ माझ्या तोंडापुढं धरून, "हातानं! सुरी नाही, हातानं!"

मी सुरी ठेवली. मूठ वळून कातडं आणि मांसाच्या मध्ये घातली आणि ढकललं. कातडं सुटत गेलं. पुन्हा मूठ, पुन्हा ढकल. आबा सांगत होते, डॉना दाखवत होती, दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघं एकच सांगत होते.

"ती गोरी बाई कोण हाय?" आबांनी विचारलं.

"माझी मैत्रीण. तिच्याचकडं राहिले."

"तिला म्हणावं, हात चांगला हाय तुझा."

मी इंग्रजीत सांगितलं. डॉना लाल झाली. म्हणाली, "वडलांना सांग, हात तुझा आहे. मी फक्त ओरडतेय."

तासाभरानं कातडं अखंड खाली आलं. मी ते दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरलं, फोनपुढं धरलं, वरपासून खालपर्यंत फिरवलं. आबा एकेक तुकडा बघत होते, नळकांड्यातून मावेल तेवढाच. "डावीकडं घे. थांब. खाली. आता मीठ लाव. भरपूर लाव, हात आखडू नगंस."

मांस आम्ही निम्मं निम्मं केलं. परतीच्या वाटेवर डॉनानं पहिल्या दुकानात दोन मोठ्या कॉफी घेतल्या. त्या चवीबद्दल मी बोलत नाही, फार बोललं जाईल.

माझ्या अपार्टमेंटमध्ये असलं काम चालत नाही, म्हणून ते डॉनाच्या गॅरेजमध्ये केलं. चुना बागकामाच्या दुकानातला. हिरडा इंडियन स्टोअरमधला, पोटासाठी पाकिटात विकतात तो. मी इतकी पाकिटं उचलली की काउंटरवरच्या भाईंनी काळजीनं डॉक्टरांचा नंबर देऊ केला. बाभूळ नव्हती, तर वादळात पडलेल्या ओकची साल. दर शनिवारी आबा फोनवर असायचे. केस किती सुटले, पाणी किती काळं झालं, कातड्याची कड कापून आत रंग कुठवर उतरला, सगळं विचारायचे आणि बघायचे. डिसेंबरात मी पिशवी शिवली आणि पाणी भरून गॅरेजच्या तुळईला टांगली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कातडं तयार झालं. आबांना त्या दिवशी दिसत होतं. त्यांनी ते पूर्ण पाहिलं, मला ते उलटं करायला सांगितलं, मागूनही पाहिलं, आणि म्हणाले, "झालं. पास." आमच्या घरातलं काम पाचव्या पिढीत आलं आहे आणि ते मला येतं.